जुन्या कर्नलला नवे ठिगळ

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, नव्या आवृत्तीत एखादी चूक सापडते, ती सुधारली जाते, आणि मग तीच सुधारणा दोन, चार, कधी सहा वर्षे जुन्या आवृत्त्यांमध्ये नेऊन बसवली जाते. या कामाला बॅकपोर्ट म्हणतात. ते आठवड्यागणिक चालते आणि त्याची बातमी क्वचितच होते. जुन्या आवृत्त्यांवर बँकांचे, टेलिफोन कंपन्यांचे, सरकारी खात्यांचे सर्व्हर चालू असतात. त्यांच्या चालकांना नवी वैशिष्ट्ये नको असतात, फक्त भोक बुजवून हवे असते. एखाद्या ड्रायव्हरमधली चुकलेली अट असेल तर काम पाच मिनिटांचे. पण दुरुस्ती व्हर्च्युअल मशीनची मेमरी सांभाळणाऱ्या भागातली असेल, तर मुरलेला माणूसही सावध होतो. असे का, हे समजून घ्यायचे तर आपल्याला दोन वंशावळी उलगडाव्या लागतील. एक आहे प्रोग्रामला मेमरीबद्दल थाप मारण्याच्या कलेची. दुसरी आहे लिहून झालेल्या प्रोग्रामला ठिगळ लावण्याच्या कलेची. दोन्ही एकमेकींना अधूनमधून भेटत आल्या आहेत, आणि त्यांची पहिली भेट आज बहुतेकांना ठाऊक नाही.

थापेची गोष्ट सहसा मँचेस्टरपासून सांगतात, पण तिचा एक विसरलेला पूर्वज बर्लिनमध्ये आहे. फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युंटश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५६-५७ च्या सुमारास बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील आपल्या प्रबंधात अशा यंत्राची कल्पना मांडली होती, की ज्यात लहान पण जलद मेमरी आणि मोठा पण संथ ड्रम यांच्यातली ने-आण यंत्र स्वतःच करील, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच सलग जागा दिसेल. ती कल्पना प्रत्यक्षात धावली ती मात्र टॉम किलबर्न यांच्या चमूने फेरांटी कंपनीच्या साथीने बांधलेल्या अ‍ॅटलास यंत्रात. ७ डिसेंबर १९६२ रोजी मँचेस्टर विद्यापीठात त्याचे उद्घाटन झाले. त्यात चुंबकी कोअर मेमरी होती अवघी १६ हजार शब्दांची, आणि ड्रम होता ९६ हजार शब्दांचा. आधीच्या यंत्रांवर प्रोग्रामचा कोणता तुकडा केव्हा आत आणायचा याचे वेळापत्रक माणसाला हाताने आखावे लागे. अ‍ॅटलासने मेमरीचे ५१२ शब्दांचे तुकडे पाडले. हवा असलेला तुकडा कोअरमध्ये नसला की यंत्र स्वतःहून थबके, ड्रमवरून तो आणी, आणि त्याच्यासाठी कोणाला बाहेर काढायचे हेही आधीच्या वापरावरून स्वतःच ठरवी. तुकडा म्हणजे पेज, तुकड्यांचा तक्ता म्हणजे पेज टेबल, तुकडा न सापडून थबकणे म्हणजे पेज फॉल्ट: ही आजची सारी मंडळी त्या यंत्रात हजर होती.

आता आपण अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, ५४५ टेक्नॉलॉजी स्क्वेअर या इमारतीत येऊ. १९६४ मध्ये आयबीएमने इथे एक छोटे संशोधन केंद्र उघडले. त्याच इमारतीत एमआयटीचा प्रोजेक्ट मॅक होता, आणि त्या प्रकल्पाने आपल्या नव्या यंत्रासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकची निवड केली होती. आयबीएमच्या नव्याकोऱ्या सिस्टम/३६० मालिकेत पत्त्यांचे रूपांतर करणारी यंत्रणाच नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण. केंद्रातल्या रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी त्या वर्षीच्या नाताळाच्या सुमारास एक वेगळाच आराखडा आखला. एकाच यंत्रावर अनेकांना काम करू द्यायचे, पण सर्वांना एका अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टमच्या दावणीला न बांधता प्रत्येकाला आपल्यापाशी आख्खे, स्वतंत्र ३६० यंत्र आहे असा भास करून द्यायचा. मॉडेल ४० ला त्यांनी ६४ नोंदींची खास सहचारी मेमरी जोडून घेतली आणि सीपी-४० हा प्रोग्राम लिहिला. जानेवारी १९६७ पर्यंत तो रोजच्या वापरात आला होता: एकाच वेळी १४ आभासी यंत्रे, प्रत्येकाला २५६ के मेमरी. आयबीएमच्याच यॉर्कटाऊनच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास एम४४/४४एक्स नावाचा प्रयोग चालू होता आणि व्हर्च्युअल मशीन हा शब्द तिथला. पण पुढे वंश चालला तो केंब्रिजचा.

सीपी-४० चा वारस सीपी-६७. त्याच्यापुढे एक नवा पेच आला. आभासी यंत्राच्या आत चालणारी सिस्टम स्वतःच व्हर्च्युअल मेमरी वापरू लागली तर? आतल्याचा एक पत्त्यांचा तक्ता, बाहेरच्याचा दुसरा, आणि हार्डवेअरला समजतो एकच. म्हणून दोहोंचा मेळ घालणारा तिसरा तक्ता नियंत्रक प्रोग्रामने गुपचूप तयार करायचा आणि हार्डवेअरला तोच दाखवायचा. हाच तो शॅडो पेज टेबल. या युक्तीचा एक गमतीदार उपयोग झाला. १९७० मध्ये जाहीर झालेल्या सिस्टम/३७० मध्ये सुरुवातीला व्हर्च्युअल मेमरी नव्हती; ती येणार होती, पण तिचे हार्डवेअर तयार व्हायच्या आधीच केंब्रिजच्या मंडळींनी सीपी-६७ मध्ये फेरफार करून त्या न जन्मलेल्या यंत्राची नक्कल चालवली, आणि तिच्यावर नवी सिस्टम घडवली. २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० अधिकृतपणे जाहीर झाले.

इथेच दोन वंशावळींची पहिली भेट होते. व्हीएम/३७० ग्राहकांना मूळ सोर्ससह मिळे. विद्यापीठे आणि कंपन्या त्यात आपापल्या सोयीचे बदल करत आणि शेअर या आयबीएमच्या ग्राहकसंघटनेमार्फत एकमेकांना देत. हे बदल ठेवण्याची रीत पाहण्यासारखी होती. मूळ फाइलला कोणी हात लावायचा नाही. बदलांची वेगळी फाइल करायची आणि अपडेट नावाच्या आज्ञेने ती मुळावर चढवायची. ८० रकान्यांच्या पंचकार्डातल्या शेवटच्या ८ रकान्यांत, म्हणजे ७३ ते ८० मध्ये, प्रत्येक ओळीचा अनुक्रमांक असे. बदलाची फाइल सांगे की अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतच्या ओळी काढा आणि त्यांच्या जागी या घाला. आयबीएमची नवी आवृत्ती आली आणि क्रमांक हलले की ग्राहकाच्या पदरी आपले सगळे बदल नव्याने बसवण्याचे काम येई. आजच्या कर्नल मेंटेनरला जे दुखणे आहे तेच हे दुखणे, फक्त दिशा उलटी. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयबीएमने यापुढे केवळ ऑब्जेक्ट कोड देण्याचे धोरण जाहीर केले, आणि ही देवघेव आटत गेली. माझ्या मते लिनक्सच्या आधी लिनक्ससारखे वागणारा समाज कुठे होता असे विचारले, तर युनिक्सइतकेच बोट व्हीएमच्या ग्राहकांकडे दाखवायला हवे.

ठिगळाचा इतिहास अर्थात त्याहून जुना. हार्वर्ड मार्क-१ च्या १९४४ च्या कागदी फितींवर चुकलेल्या भोकांवर चिकटवलेले कागदाचे खरेखुरे चौकोनी तुकडे आजही पाहायला मिळतात. युनिक्सने त्याला बैठक दिली. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी दोन फाइलींमधला नेमका फरक काढणारा डिफ हा प्रोग्राम घडवला, आणि तो १९७४ च्या पाचव्या युनिक्स आवृत्तीत आला. फरक दाखवता येऊ लागला, पण तो दुसऱ्याच्या फाइलवर चढवायचा कसा? मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी पॅच हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. पुढे पर्ल भाषेमुळे त्यांचे नाव झाले, पण मला विचाराल तर मोठे काम हेच. आयबीएमच्या अपडेटला अनुक्रमांक लागत. पॅच आजूबाजूच्या ओळी वाचून जागा ओळखतो. मधल्या काळात फाइलमध्ये वर शंभर ओळी वाढल्या असल्या, तरी बदलाच्या मागच्या-पुढच्या दोन-तीन ओळी तशाच असतील तर तो योग्य ठिकाणी जाऊन बसतो. जागा सापडली नाही तर नाकारलेला तुकडा वेगळ्या फाइलमध्ये टाकून मोकळा होतो. बॅकपोर्ट नावाचा व्यवहार शक्य झाला तो या क्षमतेमुळे. धोकाही तिच्यातच आहे, कारण ओळी जुळल्या म्हणजे अर्थ जुळला असे नव्हे.

आता थापेकडे परत. ऑक्टोबर १९८५ मध्ये इंटेलचा ८०३८६ आला आणि ४ केबीची पेजेस घेऊन ही सगळी विद्या टेबलावरच्या संगणकात उतरली. व्हर्च्युअल मशीनसाठी मात्र ते घराणे नालायक मानले जाई. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये घातलेल्या अटी इंटेलच्या सतरा आज्ञा पाळत नव्हत्या. स्टॅनफर्डच्या डिस्को प्रकल्पातून निघालेल्या व्हीएमवेअरने १९९९ मध्ये आज्ञांचे चालता चालता रूपांतर करून ही अडचण ओलांडली, आणि मेमरीसाठी केंब्रिजचे जुने शॅडो पेज टेबल पुन्हा बाहेर काढले. इथे एक दाखला देतो. पेज टेबल म्हणजे मेमरीचा सातबारा. गेस्ट, म्हणजे आतली सिस्टम, आपले दप्तर स्वतः लिहीत असते, पण त्यातले गट क्रमांक काल्पनिक. खरे दप्तर होस्टकडे. गेस्टने एक फेरफार केला की होस्टने तो लगोलग आपल्या दप्तराशी जुळवून घ्यायचा. एक नोंद मागे राहिली तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे लागते, आणि मेमरीच्या बाबतीत याचा अर्थ एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्याच्या हाती.

केंब्रिज नावाच्या दुसऱ्या गावी, इंग्लंडात, २००३ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारे झेन आले. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअल मशीनची सोय केली. तिचा फायदा घेत इस्राएलमधल्या कुमरानेट या लहानशा कंपनीत अवी किविटी यांनी केव्हीएम लिहिले. ऑक्टोबर २००६ मध्ये ते प्रथम लोकांसमोर आले आणि फेब्रुवारी २००७ च्या लिनक्स २.६.२० मध्ये समाविष्टही झाले. वेगळा हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा नियंत्रक, लिहिण्याऐवजी लिनक्सलाच हायपरवायझर करायचे, ही त्यातली कल्पना. म्हणजे व्हर्च्युअल मशीनची मेमरी ही आता लिनक्सच्या एखाद्या साध्या प्रक्रियेचीच मेमरी झाली. सोय मोठी, पण तिची किंमत अशी की कर्नलच्या मेमरी-व्यवस्थेतली प्रत्येक हालचाल केव्हीएमला कळवावी लागते, आणि एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे पोहोचते.

प्रोसेसरवाल्यांनी पुढे शॅडोचेही ओझे उचलले. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दोन्ही तक्ते हार्डवेअरलाच वाचता येतील अशी रचना दिली. शॅडोची कटकट गेली, पण आतले चार स्तर आणि बाहेरचे चार स्तर एकमेकांत गुंतून एका पत्त्याचा छडा लावायला वाईटात वाईट स्थितीत २४ वेळा मेमरी वाचावी लागू लागली. यावर उतारा म्हणजे मोठी पेजेस: ४ केबीऐवजी २ एमबी. एक मोठे पेज ५१२ लहान पेजांचे काम करते आणि छडा लवकर लागतो. आंद्रेआ आर्कांजेली यांनी ही मोठी पेजेस आपोआप मिळावीत अशी व्यवस्था लिहिली. ती मुख्य लिनक्समध्ये आली मार्च २०११ च्या २.६.३८ मध्ये; पण रेड हॅटने नोव्हेंबर २०१० मध्ये काढलेल्या सहाव्या एंटरप्राइझ आवृत्तीत, जिचा कर्नल २००९ चा २.६.३२ होता, ती आधीच होती. मूळ प्रकाशित व्हायच्या आधी त्याचा बॅकपोर्ट प्रकाशित झाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण.

यावरून जुना आणि स्थिर हे दोन शब्द लिनक्समध्ये किती सैलपणे एकत्र नांदतात हे दिसतेच, पण त्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग आणखी मागचा आहे. त्या काळी सम क्रमांकाची मालिका स्थिर आणि विषम क्रमांकाची प्रयोगाची, असा संकेत होता. जानेवारी २००१ मध्ये २.४ ही स्थिर मालिका सुरू झाली. तिच्यातली मेमरी-व्यवस्था रिक व्हॅन रील यांची होती आणि भाराखाली ती अडखळत होती. सप्टेंबर २००१ मध्ये, मालिका सुरू होऊन आठ महिने उलटल्यावर, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २.४.१० मध्ये ती उचलून टाकली आणि आर्कांजेलींची नवी व्यवस्था बसवली. स्थिर म्हणवणाऱ्या मालिकेच्या मध्यावर हृदयच बदलले. अ‍ॅलन कॉक्स यांनी आपल्या वेगळ्या शाखेत व्हॅन रील यांची व्यवस्था चालू ठेवली, आणि काही काळ एकाच स्थिर मालिकेचे दोन मेमरी-संसार समांतर चालले. टोरवाल्ड्स यांचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या पुढे बरोबर ठरला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो तरीही चुकीचा वाटतो. ज्यांनी स्थिर या शब्दावर विसंबून यंत्रे लावली होती त्यांना विचारले गेले नव्हते.

तो संकेत २.६ च्या काळात मोडीत निघाला, आणि मार्च २००५ मध्ये प्रश्न ऐरणीवर आला: सगळा विकास एकाच प्रवाहात चालणार असेल, तर दोन प्रकाशनांच्या मधल्या चुका सुधारून कोण देणार? टोरवाल्ड्स यांचे मत असे, की हे काम इतके कंटाळवाणे आणि बिनमानाचे आहे की ते पत्करणारा भाबडाच असायला हवा. कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ते पत्करले. २ मार्च रोजी २.६.११ निघाले होते. ४ मार्च रोजी २.६.११.१ आले. त्यासोबत नियमही आले: दुरुस्ती उघडउघड बरोबर आणि तपासलेली हवी, खऱ्या त्रासावरची हवी, संदर्भासह शंभर ओळींपेक्षा मोठी नको. लवकरच त्यात सर्वांत महत्त्वाची अट रुळली, की दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात गेलेली हवी. पुढच्याच महिन्यात बदलांची नोंद ठेवणारे गिट आले आणि प्रत्येक दुरुस्तीला कायमची ओळख मिळाली. जुन्या शाखेतल्या दुरुस्तीवर तिच्या मुळाचा क्रमांक लिहिण्याची प्रथा पडली. २.६.१६ एड्रियन बंक यांनी दोन वर्षांहून अधिक काळ सांभाळले, २.६.३२ सहा वर्षे जगले, आणि दीर्घ मुदतीच्या शाखांची आजची पद्धत तयार झाली.

त्याच २००५ सालात एक दुरुस्ती झाली आणि मागे घेतली गेली. सामायिक पानावर लिहायची वेळ आली की आधी त्याची स्वतंत्र प्रत काढायची, या व्यवहारात क्षणभराची एक फट होती. टोरवाल्ड्स यांनी ती बुजवली, पण आयबीएमच्या एस/३९० यंत्रांवर ती दुरुस्ती अडचणीची ठरली. त्या यंत्रांत पान लिहिले गेले की नाही याची खूण पेज टेबलच्या नोंदीत नसून प्रत्यक्ष मेमरीला जोडलेल्या किल्ल्यांत असे, आणि ही रचना थेट सिस्टम/३६० पासून चालत आलेली. दुरुस्ती काढावी लागली. फट राहिली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये डर्टी काऊ या नावाने जगासमोर आली: साध्या वापरकर्त्याला फक्त वाचायला दिलेल्या फाइलवर लिहिता येत होते. अकरा वर्षांपूर्वीचा आपला प्रयत्न टोरवाल्ड्स यांनी नव्या दुरुस्तीच्या नोंदीत मोकळेपणाने सांगितला आहे. एस/३९० चा प्रश्न मधल्या काळात सुटला होता, त्यामुळे यावेळी ठिगळ टिकले आणि ४.८, ४.७, ४.४ अशा शाखांत उतरले. ज्या यंत्रकुळाने व्हर्च्युअल मशीन जन्माला घातले, त्याच्याच एका जुन्या वैशिष्ट्यामुळे साऱ्या लिनक्सच्या मेमरीत दशकभर भोक राहिले.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या दोषाने दीर्घ मुदतीच्या शाखांच्या पद्धतीची कसोटी पाहिली. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स येथील तांत्रिक विद्यापीठात तयार झालेल्या कायझर या कल्पनेवरून कर्नलचे आणि प्रोग्रामचे पेज टेबल वेगळे करण्याची मोठी रचना मुख्य प्रवाहात नव्याने लिहिली गेली. ४.१४ शाखेत ती जशीच्या तशी गेली, कारण तिच्यासाठी लागणारी पूर्वतयारी आधीपासून तिकडे सरकवली जात होती. ४.४ आणि ४.९ फार मागे होत्या. त्यांना कायझरच्या जुन्या रूपावरून शिवलेला वेगळाच सदरा मिळाला. परिणाम असा, की त्यापुढे या भागातली प्रत्येक चूक दोनदा, दोन प्रकारे शोधावी लागली. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तेव्हाच सांगून टाकले होते, की जुन्या दोन शाखांतले काम मुख्य प्रवाहातल्यापेक्षा वेगळे आहे आणि जमेल त्याने ४.१४ वर यावे. दुरुस्ती जुन्याच्या मापाने कापावी, की जुन्यालाच थोडे नव्याच्या जवळ आणावे, या वादात त्या महिन्याने माझ्यापुरता तरी निकाल दिला.

आता आपण या लेखाच्या मुख्य विषयाशी पोहोचलो. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी इंटेलच्या अनेक प्रोसेसरांमधला एक दोष उघड झाला. प्रोसेसर अलीकडे वापरलेल्या पत्त्यांची नोंद टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो, आणि आज्ञांसाठी त्याचा वेगळा भाग असतो. एखाद्या पत्त्याचे पेज २ एमबीचे होते ते ४ केबीचे केले आणि जुनी नोंद पुसायच्या आत तिथली आज्ञा वाचायला गेले, तर त्या साठ्यात एकाच पत्त्याच्या दोन नोंदी सापडत. दोष असलेला प्रोसेसर त्यावर मशीन चेक, म्हणजे हार्डवेअरमधल्या गंभीर चुकीचा इशारा, देऊन अडकून पडे. साध्या प्रोग्रामच्या हाती पेज टेबल नसते, म्हणून त्याला हे करता येत नाही. पण गेस्टच्या हाती स्वतःचे पेज टेबल असते. म्हणजे भाड्याने घेतलेल्या एका व्हर्च्युअल मशीनमधून अख्खा होस्ट, त्यावरच्या इतर साऱ्या ग्राहकांसह, आडवा पाडता येत होता. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या क्लाउड विभागापासून पुण्यातल्या एखाद्या कारखान्याच्या सर्व्हरखोलीपर्यंत जिथे जिथे अनोळखी गेस्ट केव्हीएमवर चालू होते, तिथे हा प्रश्न खरा होता.

गेस्टचे दप्तर होस्टला आवरता येत नाही. आवरता येते ते स्वतःचे. केव्हीएमचे मेंटेनर पाओलो बोन्झिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग असा: होस्टच्या तक्त्यात प्रत्येक मोठ्या पेजवर आज्ञा चालवण्यास मनाई अशी खूण करायची. डेटा वाचण्या-लिहिण्याला मोठे पेज चालेल. पण गेस्टने त्यातली आज्ञा चालवू पाहिली की होस्टकडे हाक येते, होस्ट ते पेज फोडून ५१२ लहान पेजेस करतो आणि त्यातल्या हव्या त्या पानाला परवानगी देतो. आज्ञा फक्त ४ केबीच्या पेजांवरूनच चालत असतील, तर दोन मापांच्या दोन नोंदी एकत्र येणारच नाहीत. वर्षानुवर्षे खटपट करून मिळवलेली मोठी पेजेस अशी फुटत राहिली तर मेमरीचा छडा पुन्हा संथ होणार. म्हणून गूगलच्या अभियंत्याने एक पूरक दुरुस्ती लिहिली. तिच्यातला कामगार दर मिनिटाला फुटलेल्यांपैकी साठावा हिस्सा मोडीत काढतो, म्हणजे जिथे आता आज्ञा चालत नाहीत तिथे मोठे पेज पुन्हा उभे राहू शकते.

मुख्य प्रवाहात ५.४ अजून तयार होत होते, तिथे हे नीट बसले. ४.१९ मध्ये नेताना अडले. ४.१९ निघाले होते ऑक्टोबर २०१८ मध्ये. केव्हीएममध्ये होस्टच्या तक्त्यात नोंद करणारी दोन मुख्य फंक्शन्स आहेत: एक हार्डवेअरच्या दुहेरी तक्त्यांसाठीचे डायरेक्ट मॅप, दुसरे शॅडोसाठीचे फेच. शॅडो मेलेले नाही. व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवायचे असेल तर ते अजून लागते. ही दोन्ही फंक्शन्स २०१९ च्या मध्यात बोन्झिनींनी आवरून एकसारखी केली होती, आणि नवी दुरुस्ती त्या आवरलेल्या रूपावर उभी होती. ४.१९ मध्ये ते रूप नव्हते. पेज फोडायचे की नाही हा निर्णय जुन्या फंक्शनात वरच्या पायरीवर आधीच घेऊन टाकलेला असे, तर नव्या दुरुस्तीला तो तक्ता उतरत असताना प्रत्येक स्तरावर घ्यायचा होता. पॅचला जागा सापडली असती तरी अर्थ सापडला नसता. मार्ग दोन होते. दुरुस्ती जुन्या फंक्शनांवर नव्याने लिहायची, किंवा ती आवराआवरही सोबत न्यायची. दुरुस्ती नेणाऱ्यांनी दुसरा निवडला. १२ नोव्हेंबरलाच निघालेल्या ४.१९.८४ मध्ये मूळ दुरुस्तीच्या आधी दोन्ही फंक्शने एकसारखी करणारा बदल आहे, त्याने अनावश्यक ठरलेले जुने गणित काढणारा बदल आहे, त्यांचा माग काढण्याच्या खुणा घालणारा बदलही आहे. मग दोषाची नोंद, मग पेज फोडणे, मग तो कामगार. शंभर ओळींच्या नियमाला इथे कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे पुढे त्या भागात सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या ४.१९ वर कमी ओढाताणीत चढल्या.

त्यानंतर ऑक्टोबर-डिसेंबर २०२० च्या ५.१० मध्ये केव्हीएमला दुहेरी तक्त्यांसाठी टीडीपी एमएमयू ही पूर्णपणे नवी यंत्रणा मिळाली, जुनी शॅडोसाठी राहिली. तेव्हापासून मेमरीची दुरुस्ती अनेकदा दोन जागी करावी लागते, आणि ५.४ किंवा त्याआधीच्या शाखेत ती नेताना अर्धी गाळावी लागते. कोणते अर्धे गाळायचे हे यंत्राला सांगता येत नाही. स्थिर शाखा सांभाळणाऱ्या साशा लेविन यांनी मशीन लर्निंगच्या मदतीने दुरुस्त्या आपोआप निवडून जुन्या शाखांना सुचवण्याची पद्धत सुरू केली होती, आणि अनेक विभागांनी ती खुशीने स्वीकारली. मेमरी-व्यवस्थेचे आणि केव्हीएमचे मेंटेनर मात्र तिच्याबाहेर राहिले. केव्हीएमसाठी लेविन यांना निराळा मार्ग काढावा लागला: यादी यंत्राने करायची, पण प्रत्येक दुरुस्तीला बोन्झिनींनी स्वतः पाहून होकार दिल्याशिवाय ती पुढे जायची नाही. हा हट्ट नव्हे. वरच्या उदाहरणात दोन फंक्शने एकसारखी करणारा बदल यंत्राच्या दृष्टीने निव्वळ सजावट ठरला असता, आणि सजावट जुन्या शाखेत नेऊ नये असे नियम सांगतात.

अशा कामाला माणसे किती आणि किती वर्षे पुरणार, हा हिशेब शेवटी मांडावाच लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये बिल्बाओ येथील परिषदेत सांगितले गेले, की दीर्घ मुदतीच्या शाखा यापुढे सहा नव्हे तर दोन वर्षेच सांभाळण्याचा मानस आहे. ४.१४ जानेवारी २०२४ मध्ये थांबली. ४.१९ ची शेवटची आवृत्ती ४.१९.३२५ ही ५ डिसेंबर २०२४ रोजी निघाली. रेल्वे, वीज, कारखाने अशा ठिकाणी बसलेल्या यंत्रांसाठी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म ही संस्था तीच शाखा जानेवारी २०२९ पर्यंत चालवणार आहे. बाकी ज्यांचे होस्ट अजून ४.१९ वर आहेत आणि ज्यांच्या मागे असा कोणी सांभाळणारा नाही, त्यांच्यासाठी नवे ठिगळ येणे बंद झाले आहे.